आफ्रिकेत सफारीला कुठे जायचं? आधी महिना बघा, मग देश

आमची पहिली आफ्रिका सहल मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात झाली. मुलांना सुट्टी होती, रजा मिळत होती आणि मनात एकच नाव होतं, केनियातलं मसाई मारा. पाचपैकी चार दुपारी पाऊस पडला. माराच्या बऱ्याच भागातली माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखीच आहे, सुकली की भेगाळते आणि भिजली की लोण्यासारखी चिकट होते. तिसऱ्या दिवशी एका ओढ्याच्या उतारावर आमची गाडी अशी रुतली की दुसरी गाडी येऊन दोराने ओढेपर्यंत दोन तास गेले. गवत कमरेइतकं वाढलेलं. चालकाने हळूच "सिंबा" (स्वाहिलीत सिंह) म्हणून बोट दाखवलं, तेव्हा गवताच्या वर आलेले दोन गोल कान तेवढे दिसले. गवताच्या मागे वर्षभर केनिया-टांझानियात फिरणाऱ्या ज्या वाइल्डबीस्टच्या (मोठ्या रानहरणांच्या) कळपांसाठी गेलो होतो, ते तर त्या आठवड्यात सीमेपलीकडे टांझानियात होते. सहल विकणाऱ्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं आणि काय विचारायचं हे आम्हाला माहीत नव्हतं.

गंमत अशी की त्याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगरमध्ये पाऊस थांबलेला असतो, गवत उतरायला लागलेलं असतं आणि पहाटे छान गारवा असतो. आमचा खर्च तेवढाच झाला असता. म्हणून आता कुणी "केनिया की साउथ आफ्रिका?" असं विचारलं, की मी आधी उलट विचारते, जाणार कधी?

पहिली पायरी: कॅलेंडर समोर घ्या

आफ्रिका हा एक देश नाही हे आपल्याला माहीत असतं, तरी सहल ठरवताना आपण सगळीकडे एकच हवा असल्यासारखा विचार करतो. केनिया आणि उत्तर टांझानिया विषुववृत्ताच्या जवळ आहेत. तिथे वर्षात दोनदा पाऊस येतो. मार्चअखेर ते मे हा मोठा पाऊस, आणि नोव्हेंबर-डिसेंबरचा लहान पाऊस. त्याच्या खाली दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, नामिबिया, झिंबाब्वे आणि झांबिया या पट्ट्यात एकच पावसाळा, साधारण नोव्हेंबर ते मार्च. मे ते ऑक्टोबर तिथे कोरडं असतं. पाणी आटत गेलं की जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर गोळा होतात, झाडं निष्पर्ण होतात आणि लांबवरचं दिसू लागतं. ताडोबाला एप्रिल-मेमध्ये वाघ जास्त का दिसतो, तेच इथे लागू आहे. फक्त तिथल्या उन्हाळ्याचं काम इथे हिवाळा करतो.

आता आपल्या सुट्ट्या यावर बसवून बघा.

मे महिना: पूर्व आफ्रिका बाजूला ठेवा आणि खाली या. क्रूगर, नाहीतर बोत्स्वाना. मे महिन्यातलं केनिया अगदीच वाईट असतं असं मी म्हणणार नाही. हिरवंगार असतं, गर्दी नसते, दर उतरलेले असतात, आणि माराचे सिंह बारा महिने माराचेच असतात. पण ती मजा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जाणाऱ्याची. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर चिखलाचा डाव खेळू नका.

जूनचे पहिले दोन आठवडे: हा काळ कुणाच्या डोक्यात येत नाही आणि मला तो फार आवडतो. पाऊस सरत आलेला असतो, आपल्या शाळा अजून उघडलेल्या नसतात, आणि माराची प्रवेश फी जूनअखेरपर्यंत निम्मी असते. परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. चार जणांचे चार दिवस धरले तर फरक १,६०० डॉलरचा होतो. वाइल्डबीस्ट तेव्हा बहुधा पोचलेले नसतात, बाकी सगळं असतं.

श्रावण ते गणपती, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर: मारा आणि त्याला लागून टांझानियात असलेल्या सेरेंगेटीचा उत्तर भाग यांचा हा ऐन हंगाम. मारा नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टचे कळप बघायचे असतील तर हेच दिवस. गर्दीही याच दिवसांत, दरही याच दिवसांत.

दिवाळी: तिथी कधी पडते यावर बरंच अवलंबून आहे. ऑक्टोबरात आली तर दक्षिणेकडे पाणवठ्यांवर जनावरांची रीघ असते, मात्र ऊन कडक असतं. नामिबियातलं एटोशा, बोत्स्वानातलं चोबे, झिंबाब्वेतलं ह्वांगे ही सगळी उद्यानं तेव्हा तापलेली असतात. नोव्हेंबरच्या मध्याकडे सरकली तर दोन्हीकडे पावसाची चाहूल लागते. केनिया-टांझानियातला लहान पाऊस बहुतेकदा सर येऊन मोकळा होतो, त्यामुळे तिकडे जायला हरकत नाही.

नाताळ: टांझानिया. कळप दक्षिण सेरेंगेटीच्या आखूड गवताच्या मैदानांकडे परतत असतात. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा भर उन्हाळा, हिरवी दाट झाडी आणि त्यांच्या शाळांनाही सुट्टी, म्हणजे क्रूगरमधल्या मुक्कामाच्या जागा कधीच भरलेल्या.

मुलं मोठी झाली असतील किंवा तुम्ही निवृत्त असाल तर फेब्रुवारी मोकळा ठेवा. दक्षिण सेरेंगेटीच्या एंडुटू भागात तेव्हा वाइल्डबीस्ट वितात. काही आठवड्यांत काही लाख पिल्लं. या मैदानांवर शेजारच्या ज्वालामुखींची राख पिढ्यान्‌पिढ्या साचली आहे. त्या मातीतलं गवत आखूड असलं तरी कॅल्शियम आणि फॉस्फरसने भरलेलं असतं. दूध पाजणाऱ्या मादीला तेच हवं असतं, म्हणून सगळा कळप एवढी चाल करून तिथे येतो. पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांत उभं राहतं आणि पळायला लागतं, कारण चित्ते आणि तरस समोरच असतात. नदीच्या थरारापेक्षा मला हे दृश्य कितीतरी जास्त लक्षात राहिलं आहे.

दुसरी पायरी: काय बघायचंय ते घरात बसून बोला

आपल्याकडून जाणारा माणूस ताडोबा, पेंच, कान्हा करून गेलेला असतो. तिथली सवय अशी की सकाळची फेरी, दुपारची फेरी, वाघ दिसला की पैसे वसूल. ही सवय सोबत नेली तर आफ्रिकेत तोटा होतो. 'बिग फाइव्ह' म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा ही यादी शिकाऱ्यांनी केलेली आहे. पायी शिकार करताना कोणतं जनावर सगळ्यात धोक्याचं, यावरून. बघायला कोणतं सुंदर, याच्याशी तिचा संबंध नाही. तिच्यात चित्ता नाही, जिराफ नाही, पाणघोडा नाही, रानकुत्रे नाहीत. यादी पुरी करायच्या नादात गाडी दिवसभर पळवत राहिलात, तर हत्तीची आई पिलाला चिखलातून वर ढकलते ते बघायचं राहून जाईल.

तरी घरातल्या प्रत्येकाला एक प्रश्न जरूर विचारा. एकच दृश्य बघायला मिळणार असेल तर कोणतं? उत्तरं वेगवेगळी येतात आणि त्यावरून जागा ठरते. नदी ओलांडणारे कळप म्हणजे मारा किंवा उत्तर सेरेंगेटी. किलिमांजारोसमोरून चाललेले हत्ती म्हणजे अंबोसेली. गंमत म्हणजे ५,८९५ मीटरचा हा डोंगर टांझानियात आहे, पण त्याचं सगळ्यात देखणं रूप केनियातल्या अंबोसेलीतून दिसतं, तेही पहाटे किंवा संध्याकाळी. एरवी तो ढगात असतो. बिबट्या जवळून बघायचा म्हणजे क्रूगरला लागून असलेलं साबी सँड. पाण्यातून होडीने फिरायचं म्हणजे बोत्स्वानातला ओकावांगो नदीचा पाणथळ प्रदेश किंवा चोबे. गोरिला म्हणजे युगांडा किंवा रवांडा, केनिया-टांझानियात ते नाहीत. पायी जंगल फिरायचं म्हणजे झांबियातलं साउथ लुआंग्वा, पायी सफारीची परंपरा तिथे फार जुनी आहे.

गेंड्याचं आधीच सांगून ठेवते. मारा-सेरेंगेटीत गेंडे थोडे आहेत, दिसले तर नशीब. केनियात नाकुरु सरोवर किंवा ओल पेजेटा हे राखीव जंगल जोडून घेतलं तर शक्यता खूप वाढते. 'उत्तरेकडचा पांढरा गेंडा' या पोटजातीतल्या जगात उरलेल्या शेवटच्या दोघी, नाजिन आणि फातू, ओल पेजेटातच राहतात. शेवटचा नर सुदान तिथेच मार्च २०१८ मध्ये गेला. त्या मायलेकी कुंपणाजवळ चरताना बघून आलेला माणूस परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प असतो.

तिसरी पायरी: आता देश

पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी कुटुंबासाठी मी केनिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या तिघांतच निवड करायला सांगते. बाकीचे देश सुंदर आहेत, पण ते दुसऱ्या खेपेला.

केनियाचा मोठा फायदा म्हणजे जवळीक. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, साधारण सहा तास, आणि घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. जेवणाची काळजी नाही. नैरोबीत गुजराती वस्ती जुनी आहे आणि सफारीच्या लॉजमध्येही डाळ-भात-भाजी सहज मिळते. स्वाहिलीत चपातीला चपातीच म्हणतात, पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका'. ज्येष्ठांना या एवढ्याशा गोष्टीनेही परकेपण कमी वाटतं. जागांमध्ये विविधता आहे. माराची मैदानं, अंबोसेलीचे हत्ती आणि उत्तरेकडचं कोरडं सांबुरू. तिथे जाळीदार नक्षीचा जिराफ, बारीक पट्ट्यांचा ग्रेवी झेब्रा आणि मागच्या पायांवर उभं राहून झाडपाला खाणारं गेरेनुक नावाचं हरीण दिसतं.

टांझानियाचा आवाका मोठा. सेरेंगेटी १४,७६३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ आपला पुणे जिल्हा. मसाई मारा राखीव क्षेत्र साधारण १,५०० चौरस किलोमीटर. हे आकडे यासाठी की लोक सेरेंगेटीला 'एक ठिकाण' समजतात. पुणे जिल्ह्यात उतरलो म्हणून कुणी जुन्नर आणि इंदापूर एका सकाळीत बघत नाही. जोडीला एंगोरोंगोरो विवर. लोणार पाहिलं असेल तर त्याच्या दहापट रुंदीची कल्पना करा. साधारण १९ किलोमीटर व्यास, ६०० मीटर खोली, आणि तळाशी सिंह, हत्ती, गेंडे, पाणघोडे. लोणार उल्केने झालं, हे ज्वालामुखीचा माथा आत कोसळून झालं. तळाशी जिराफ मात्र नाहीत. वरच्या कडेवर उंची २,३०० मीटरच्या आसपास असल्याने रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा स्वेटर हवाच. वाटेत तारांगीरे उद्यान येतं. जुलै ते ऑक्टोबरमध्ये तिथे हत्तींचे मोठमोठे कळप आणि त्यांच्यामागे गोरखचिंचेची अजस्र झाडं दिसतात.

दक्षिण आफ्रिका ज्यांना स्वतः गाडी चालवत फिरायला आवडतं त्यांच्यासाठी. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. क्रूगर सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर, मुख्य रस्ते डांबरी, वेगमर्यादा ताशी ५०, कच्च्या रस्त्यावर ४०. आत स्कुकुझा, साटारा, लोअर साबी अशा सरकारी मुक्कामाच्या जागा आहेत, कुंपणाच्या आत, बऱ्याच ठिकाणी छोट्या स्वयंपाकघरासह. ज्यांना रोज संध्याकाळी मुगाची खिचडी लागते त्यांची तिथे उत्तम सोय होते. खर्चही आटोक्यात राहतो, कारण चालक आणि मार्गदर्शक यांचे पैसे वाचतात. तोटा असा की प्राणी तुमचे तुम्हालाच शोधायचे असतात. म्हणून चार दिवस क्रूगरमध्ये स्वतः आणि दोन रात्री एखाद्या खासगी राखीव जंगलात त्यांच्या माणसांबरोबर उघड्या जीपमधून, अशी वाटणी मला सगळ्यात चांगली वाटते. लहान मुलं असतील आणि मलेरियाची भीती असेल तर पिलानेसबर्ग, माडिक्वे किंवा अड्डो बघा, हे भाग मलेरियामुक्त आहेत.

नामिबिया मी दुसऱ्या खेपेला म्हणते खरं, पण एटोशातली एक रात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओकाउकुएजो नावाच्या मुक्कामाला लागूनच पाणवठा आहे, त्यावर रात्रभर मंद दिवा. मध्ये एक बुटकी भिंत आणि बाकं. आम्ही रात्री साडेनऊला शाली गुंडाळून बसलो. आजूबाजूला तीस-चाळीस माणसं, पण कुणी कुजबुजतही नव्हतं. आधी एक काळा गेंडा आला, पाण्याच्या कडेला थांबला, नाक वर करून बराच वेळ हवा हुंगली. मग दुसरी, तिच्यामागे पिलू. पाणी पिण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. पिलू पाण्यात शिरलं तशी त्याची उलटी सावली हलली आणि भिंतीवर माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. त्या बाराला झोपायला गेल्या आणि साडेबाराला पुन्हा येऊन बसल्या. ज्येष्ठांना गाडीत तासन्‌तास बसवत नसेल तर ही जागा लक्षात ठेवा. इथे जनावर तुमच्याकडे येतं. आणि कुनोमधल्या चित्त्यांची बातमी वाचली असेल, तर सप्टेंबर २०२२ मध्ये आलेले पहिले आठ चित्ते याच देशातून आले होते.

बोत्स्वाना महाग आहे आणि ते ठरवून आहे. पर्यटक थोडे, पैसे जास्त, असं त्यांचं धोरण. ओकावांगोचं वैशिष्ट्य असं की पूर येतो तो पाऊस नसताना. अंगोलाच्या डोंगरातलं पाणी वाळवंटातून हळूहळू सरकत जून ते ऑगस्टमध्ये पसरतं. तेव्हा मोकोरो नावाच्या अरुंद होडीतून शांत पाण्यावरून जाता येतं. मुक्काम बहुतेक छोट्या विमानाने गाठावे लागतात. गोरिलांसाठी परवाना आधीच काढावा लागतो, रवांडात १,५०० डॉलर, युगांडात ८०० डॉलर. एका गटात आठच माणसं, त्यांच्यासोबत एकच तास, आणि वय १५ पूर्ण हवं. चढ दमवणारा असतो, गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

चौथी पायरी: देश ठरला, आता नेमकी जागा

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. सहलपत्रिकेत 'मसाई मारा, तीन रात्री' एवढंच लिहिलेलं असतं. पण मुक्काम गेटच्या आत आहे, गेटला लागून आहे की तासभर दूर? लांब असेल तर सकाळचा सोन्यासारखा पहिला तास रस्त्यावर जातो. माराचं तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं आणि आत राहिलात तर निघायच्या दिवशी दहाच्या आत बाहेर पडावं लागतं, नाहीतर पुन्हा फी.

मारा राखीव क्षेत्राला लागून मसाई लोकांच्या जमिनींवरची राखीव जंगलं आहेत, त्यांना कॉन्झर्वन्सी म्हणतात. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ ही त्यातली नावं. तिथे मुक्काम करणाऱ्यांनाच फिरता येतं, गाड्या मोजक्या असतात, रात्रीची फेरी आणि पायी फेरी मिळते. मूळ राखीव क्षेत्रात या दोन्ही गोष्टी नाहीत. भाडं जमीनमालक मसाई कुटुंबांना जातं. महाग आहे, पण चार रात्रींपैकी दोन तिथे घालवल्या तर एका सिंहामागे वीस गाड्या हे चित्र बघावं लागत नाही. ऑगस्टमध्ये तर मी हे आवर्जून सुचवते.

सेरेंगेटीचंही तसंच. फेब्रुवारीत दक्षिणेला एंडुटू, जूनच्या सुमारास पश्चिमेला ग्रुमेटी नदी, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला कोगाटेंडे. मध्यभागातलं सेरोनेरा सिंह-बिबट्यांसाठी बारमाही चांगलं. महिना ऑगस्टचा आणि मुक्काम दक्षिणेला असं पॅकेज हातात पडलं तर कळपांची आशा सोडा. मारा नदी टांझानियातूनही वाहते, त्यामुळे नदी ओलांडणं कोगाटेंडेतूनही दिसतं.

नदीबद्दल एक समज दूर करते. कळप रोज ठरलेल्या वेळी उड्या मारत नाहीत. हजारो जनावरं काठावर येतात, पहिलं पाऊल कुणी टाकत नाही, दोन तास धूळ उडते आणि मग सगळी माघारी फिरतात. त्यामुळे त्या भागात किमान तीन पूर्ण दिवस हातात ठेवा.

आणि नकाशाचा चकवा. मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटून आहेत, जनावरं मोकळी ये-जा करतात, पण पर्यटकांच्या गाडीला आतून सीमा ओलांडता येत नाही. लांबचा वळसा घालून सीमाचौकीवर जावं लागतं किंवा विमान घ्यावं लागतं. आठ दिवसांत दोन्ही करू म्हणणाऱ्यांचे दोन दिवस नुसते प्रवासात जातात. एकच देश धरा.

पाचवी पायरी: दिवस आणि गाडी

आपल्याला कमी दिवसांत जास्त ठिकाणं उरकायची सवय आहे. 'सात दिवसांत पाच उद्यानं' वाचायला भरघोस वाटतं. प्रत्यक्षात नैरोबी ते मारा पाच-सहा तास, टांझानियातल्या अरुशा शहरापासून मध्य सेरेंगेटी सात-आठ तास, आणि बराचसा रस्ता खडबडीत. सात दिवस असतील तर दोन, फार तर तीन जागा. प्रत्येक ठिकाणी किमान दोन पूर्ण रात्री, मुख्य जागी तीन. गाडीच्या प्रवासाने पाठ दुखणार असेल तर एक बाजू छोट्या विमानाने करा. फक्त त्यात सामान साधारण १५ किलोपर्यंतच चालतं आणि तेही मऊ बॅगेत. कडक सूटकेस चालत नाही.

केनिया-टांझानियात गाडी म्हणजे वर उघडणाऱ्या छताची लँड क्रूझर किंवा मिनीव्हॅन. पावसाच्या आसपास जाणार असाल तर लँड क्रूझरच मागा. मुंबई-पुण्याहून मराठी मंडळींबरोबर जाणाऱ्या सहलींत सोबत मिळते, जेवण घरच्यासारखं मिळतं, ज्येष्ठांना आधार वाटतो. पण गाडीत दोघांना चित्ता बघत थांबायचं असतं आणि चौघांना परत जायचं असतं, हा तिढा रोजचा. दोन कुटुंबं मिळून सहा जण जमवा आणि स्वतःची गाडी घ्या. माणशी खर्चात फारसा फरक पडत नाही आणि थांबायचं कधी हे तुमच्या हातात राहतं.

पैसे भरण्याआधी हे लेखी घ्या: उद्यानाची फी धरली आहे का, प्रत्येकाला खिडकी मिळणार का, एका गाडीत किती जण, दिवसाला किलोमीटरची मर्यादा आहे का, मुक्कामाचं नेमकं नाव काय आणि ते गेटपासून किती लांब. "त्याच दर्जाचं दुसरं हॉटेल" ही ओळ करारात असेल तर तिथे दोन पर्यायी नावं लिहून मागा.

लस, कागद आणि बॅग

पीतज्वराची लस शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. केनिया-युगांडाहून परतताना भारतात तिचा दाखला मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो आणि तो आयुष्यभर चालतो. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि नंबर लागायला वेळ जातो. साठीच्या पुढचे आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेले यांनी आधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारावं. मलेरियाच्या गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने. केनियाला आता व्हिसाऐवजी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवाना, काढावा लागतो, टांझानियाचा ई-व्हिसा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या अर्जाला कागद जास्त लागतात, त्याला किमान दोन महिने हातात ठेवा. तिथे गाडी चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या.

कपड्यांत दोन गोष्टी. ताडोबाला आपण हौसेने घालतो ते लष्करी छापाचे कपडे घरी ठेवा, झिंबाब्वे-झांबियासारख्या देशांत सामान्य माणसाला ते घालायला बंदी आहे. गडद निळे आणि काळे कपडेही नकोत. त्सेत्से माश्या त्या रंगांकडे धावतात आणि त्यांचा चावा कपड्यातूनही लागतो. खाऊ जरूर न्या, कारण गाडीतून खाली उतरता येत नाही आणि मधुमेह असलेल्यांना मध्ये काहीतरी लागतंच. मात्र चिवडा, लाडू डब्यात भरा. केनिया आणि टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. दुर्बीण माणशी एक न्या, एकच दुर्बीण सहा जणांत फिरेपर्यंत बिबट्या झाडावरून उतरून गेलेला असतो.

ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या चांगल्या जागा आठ-दहा महिने आधी भरतात, क्रूगरमधले मुक्काम तर अकरा महिने आधीपासून मिळतात. पुढच्या गणपतीत नदीकाठी उभं राहायचं असेल तर फोन याच दिवाळीत करा, आणि पहिल्याच वाक्यात तारखा सांगा.